कॉन्टॅक्ट म्हणायचं तरी कशाला? प्रोटीनमधल्या शेजाराबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात प्रोटीनची लांबलचक साखळी घडी पडून आकार कशी घेते त्यावर लिहिलं होतं, आणि जाता जाता एक वाक्य टाकलं होतं की साखळीत लांब असलेले दोन अमिनो अ‍ॅसिड रेसिड्यू घडीत जवळ आले की त्याला कॉन्टॅक्ट म्हणतात. बाकी लेखाबद्दल फारसं कुणी काही विचारलं नाही, पण त्या एका वाक्यावर मात्र ढीगभर प्रश्न आले. त्यातले सारखे सारखे प्रश्न एकत्र करून इथे घेतलेत. आधी थोडे शब्द : रेसिड्यू म्हणजे साखळीत गुंफलेलं एक अमिनो अ‍ॅसिड. त्यातला कण्याचा कार्बन म्हणजे सी-अल्फा, कण्यापासून बाहेर निघणारा भाग म्हणजे साइड चेन आणि तिचा पहिला कार्बन सी-बीटा. किती अंतरापर्यंत कॉन्टॅक्ट मानायचा तो आकडा म्हणजे कटऑफ. आकड्यापुढे एकक नसेल तर ते अंतर अँगस्ट्रॉममध्ये, म्हणजे मीटरच्या एक हजार कोटीव्या भागात, समजा.

प्रश्न : एम.एस्सी.चं प्रोजेक्ट करतेय. गाइड म्हणतात सी-अल्फाचं अंतर ८ अँगस्ट्रॉम धर, माझ्या सीनियरने ४.५ वापरलंय, आणि एका जुन्या पेपरात ६.५ दिसलं. यातलं बरोबर कुठलं? प्रत्येक वेळी आकडे बदलतात आणि आता माझा कशावरच विश्वास उरला नाहीये.

उत्तर : तिन्ही बरोबर आहेत, आणि तुमचा विश्वास उडाला ते एका अर्थी बरंच झालं, कारण बरेच जण ८ हा आकडा वरून आल्यासारखा डोळे झाकून वापरतात आणि त्यांना कधी शंकाच येत नाही. गोष्ट अशी आहे की हे तीन आकडे तीन वेगळ्या गोष्टी मोजतायत. ४.५ जेव्हा म्हणतात तेव्हा दोन रेसिड्यूंमधले कुठलेही दोन अणू, हायड्रोजन सोडून, एकमेकांच्या ४.५ च्या आत आहेत का ते बघतात. कार्बनची व्हॅन डर वाल्स त्रिज्या (बंध नसताना अणू जेवढी जागा अडवतो ती) साधारण १.७ अँगस्ट्रॉम, म्हणजे दोन कार्बन एकमेकांना टेकले की अंतर झालं ३.४. आता मध्ये पाण्याचा एक रेणू घुसायचा तर त्याला २.८ च्या आसपास जागा लागते, म्हणजे एकूण ६ च्या वर गेलं. ४.५ ला पाणी मध्ये शिरूच शकत नाही, दोघं खरोखर लागून आहेत. म्हणून या आकड्याला थोडाफार भौतिक अर्थ आहे. काही जण ५ घेतात, त्यानेही फार बिघडत नाही.

८ ची गोष्ट वेगळी. तिथे अख्ख्या रेसिड्यूचा एकच बिंदू धरतात, आणि खरं तर तो सी-अल्फापेक्षा सी-बीटा धरणं जास्त रूढ आहे. प्रोटीन रचना ओळखण्याची जी कॅस्प नावाची स्पर्धा दर दोन वर्षांनी होते तिथे सी-बीटामधलं अंतर ८ च्या आत असलं तर कॉन्टॅक्ट अशी व्याख्या आहे, आणि ग्लायसिनला सी-बीटा नसतोच म्हणून त्याचा सी-अल्फा घ्यायचा. ६.५ बहुतेक तुम्हाला मियाझावा आणि जर्निगन यांच्या १९८५ च्या पद्धतीतून आलेलं दिसलं असेल, ते साइड चेनच्या मध्यबिंदूपासून मोजतात. आता बिंदूच तीन निरनिराळे म्हटल्यावर आकडा एकच कसा असेल.

सी-अल्फा घेण्यातली अडचण मला जास्त महत्त्वाची वाटते ती सांगतो. सी-अल्फा हा कण्यातला अणू, साइड चेन कुठल्या दिशेला तोंड करून बसलीय हे त्याला माहीतच नसतं. दोन रेसिड्यूंचे सी-अल्फा ७ वर आहेत पण साइड चेन पाठीला पाठ लावून आहेत, तरी तुमचा प्रोग्राम कॉन्टॅक्ट मोजणार. उलट आर्जिनिन आणि ग्लुटामेट घ्या, दोघांचे हात लांब, टोकाला टोक लागून मस्त सॉल्ट ब्रिज (धन आणि ऋण भाराची जोडी) तयार झालाय आणि सी-अल्फा मात्र १० च्या पुढे, तर तुमच्या यादीत त्याचं नावच नाही. सी-बीटा घेतला की दिशेचा थोडा अंदाज येतो म्हणून तो बरा, पण लांब साइड चेनची अडचण तिथेही राहतेच.

आणि एक, यादी काढताना साखळीतलं अंतर बघताय ना? शेजारच्या दोन रेसिड्यूंचे सी-अल्फा जवळपास नेहमी ३.८ च्या आसपास असतात, ते पेप्टाइड बंधच तसा आहे म्हणून. अल्फा हेलिक्समध्ये (साखळीच्या स्प्रिंगसारख्या वेटोळ्यात) पुढून दुसरा साधारण ५.५ वर, तिसरा ५ वर, चौथा ६.२ वर. हे सगळे ८ च्या आत! म्हणजे हेलिक्स जास्त असलेल्या प्रोटीनमध्ये तुमची निम्मी यादी अशा बादरायण संबंधांनी भरते, ज्यातून घडीबद्दल नवं काहीच कळत नाही. म्हणून साखळीत किमान ३ किंवा ४ पेक्षा जास्त अंतर असलेल्या जोड्याच ठेवा. कॅस्पवाले तर ६ ते ११ जवळचे, १२ ते २३ मधले आणि २४ व त्यापुढचे लांबचे अशी वर्गवारी करतात, आणि सगळा भाव त्या लांबच्यांना, कारण साखळीची दोन टोकं कुठे एकत्र येतात हे तेच सांगतात.

मग तुम्ही काय करायचं? आधी प्रश्न ठरवा. दोन प्रोटीनची घडी सारखी आहे का एवढंच बघायचं असेल तर सी-बीटा ८ पुरे. कुठला रेसिड्यू कुणाला प्रत्यक्ष धरून ठेवतोय हे बघायचं असेल तर अणूंवर जा, ४.५ घ्या, आणि त्यातही कुठल्या प्रकारचा कॉन्टॅक्ट ते वेगळं काढा, म्हणजे हायड्रोजन बाँड असेल तर देणाऱ्या आणि घेणाऱ्या अणूत ३.५ पर्यंत अंतर आणि शिवाय कोन, सॉल्ट ब्रिजला नायट्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये ४ पर्यंत, आणि सिस्टीनच्या डायसल्फाइडला दोन गंधकांमध्ये २.०५ च्या आसपास. आणि काहीही घेतलंत तरी तेच विश्लेषण ७, ८ आणि ९ वर करून बघा. निष्कर्ष तोच राहिला तर लिहा. बदलला तर तो प्रोटीनचा निष्कर्ष नाही, तुमच्या कटऑफचा आहे, गाइडना तसं सांगायला हरकत नाही.

(जाता जाता : अणू एकमेकांच्या किती जवळ येऊ शकतात या हिशोबातूनच रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९६३ चा तो प्रसिद्ध नकाशा निघालाय. फाय-साय (कण्याचे दोन वळणकोन) पाठ करताना हे कुणी सांगतच नाही, पण तो मुळात कॉन्टॅक्टचाच हिशोब आहे, फक्त नको असलेल्या कॉन्टॅक्टचा.)

प्रश्न : कॉन्टॅक्ट मॅप नावाचं ते काळ्या ठिपक्यांचं चौकोनी चित्र असतं ते वाचायचं कसं? मी बारावीला जीवशास्त्र शिकवतो, मुलांना दाखवावंसं वाटतं पण मलाच नीट उमगत नाही.

उत्तर : सर, लहान प्रोटीन घ्या म्हणजे सोपं जातं. क्रॅम्बिन म्हणून एक ४६ रेसिड्यूंचं प्रोटीन आहे, पीडीबीमध्ये (प्रोटीन रचनांच्या जागतिक साठ्यात) १सीआरएन नावाने सापडेल. आडव्या अक्षावर १ ते ४६, उभ्यावर १ ते ४६, आणि जिथे दोन रेसिड्यू जवळ तिथे ठिपका. एकूण जोड्या होतात १०३५, ठिपके त्यातल्या थोड्याच जागी. चित्र कर्णाच्या दोन्ही बाजूंना सारखंच असतं, ५ चा ९ शी कॉन्टॅक्ट म्हणजे ९ चा ५ शी असतोच, म्हणून अर्धंच बघा.

कर्णाला लागून जाड पट्टा दिसला की तो हेलिक्स, कारण वर सांगितल्याप्रमाणे तिथे पुढचे तीन-चार शेजारी जवळच असतात. कर्णापासून लांब, त्याला समांतर रेघ दिसली तर दोन धागे एकाच दिशेने चाललेत. आणि रेघ कर्णाला काटकोनात असली तर साखळी पुढे जाऊन वळलीय आणि उलट परत येतेय, म्हणजे अँटीपॅरलल. क्रॅम्बिनमध्ये दोन हेलिक्स असे उलटसुलट एकमेकांशेजारी पडलेत, त्यामुळे जाड पट्ट्यांपासून काटकोनात निघालेले तुटक ठिपके दिसतात. बीटा शीटची (शेजारी शेजारी पसरलेल्या धाग्यांची) रेघ सलग येते आणि हेलिक्सच्या जोडीची अशी तुटक, कारण हेलिक्सच्या प्रत्येक वळणाला ३.६ रेसिड्यू आणि त्यातले ठरावीकच दुसऱ्याकडे तोंड करून असतात.

मुलांना एक काम द्या. क्रॅम्बिनमध्ये तीन डायसल्फाइड आहेत, ३ आणि ४०, ४ आणि ३२, १६ आणि २६. हे तीन ठिपके मॅपवर शोधायला लावा. १६-२६ वाला त्या दोन हेलिक्सना बांधतो, आणि ३-४० साखळीच्या सुरुवातीला जवळजवळ शेवटाशी नेऊन जोडतो. एकदा हे बोट ठेवून सापडलं की पुढचं समजवावं लागत नाही. मॅपवर एक गोष्ट मात्र कळत नाही हे त्यांना सांगून ठेवा, डावं-उजवं. प्रोटीनची आरशातली प्रतिमा घेतली तरी मॅप हुबेहूब तोच येतो, अंतरं सारखीच ना.

प्रश्न : मी पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहून कॉन्टॅक्ट काढले, मित्राने पायमॉलमध्ये (रचना दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) काढले, फाइल तीच, कटऑफ तोच, तरी आकडे जुळत नाहीत. माझ्याकडे जास्त येतात. कोड तीनदा तपासला.

उत्तर : कोड चौथ्यांदा तपासू नका, फाइल तपासा. इतके लोक यात अडकतात की यावर वेगळा लेख होईल, पण जे हमखास निघतं ते सांगतो.

पहिलं म्हणजे तुम्ही ५-९ आणि ९-५ दोन्ही मोजताय का? हसू नका, आकडा बरोबर दुप्पट असेल तर हेच. दुसरं, पाणी. पीडीबी फाइलमध्ये पाण्याचे रेणू, मीठ, ग्लिसरॉल, काय काय बसलेलं असतं आणि बायोपायथनमधून (पायथनच्या जीवशास्त्राच्या लायब्ररीतून) सगळे रेसिड्यू मागितले की तेही रेसिड्यू म्हणूनच हजर होतात. मग कुणी तरी घाईघाईने हेटअ‍ॅटम (नेहमीच्या अमिनो अ‍ॅसिडखेरीज बाकीच्या अणूंची खूण) असलेल्या सगळ्या ओळी उडवून टाकतं, आणि तिथे उलटा घोळ होतो, कारण स्फटिक बनवताना मिथिओनिनच्या जागी सेलेनोमिथिओनिन घातलेला असतो, त्याचं नाव एमएसई आणि तो हेटअ‍ॅटममध्ये लिहिलेला. उडवलात की चांगला साखळीतला रेसिड्यू गेला, आणि तो बहुतेक वेळा गाभ्यातला, म्हणजे भरपूर कॉन्टॅक्ट असलेलाच असतो.

तिसरं, एकाच साइड चेनच्या दोन जागा. बऱ्यापैकी रिझोल्यूशनच्या रचनेत कधी कधी एखादी साइड चेन दोन स्थितींत दिसते, मग फाइलमध्ये ए आणि बी दोन्ही लिहितात आणि ऑक्युपन्सी (ती स्थिती किती प्रमाणात दिसते तो आकडा) ०.६ आणि ०.४ वगैरे. बायोपायथन न विचारता जास्त ऑक्युपन्सीवाली घेतं, पायमॉल दोन्ही ठेवतं, आणि तुम्ही स्वतः ओळी वाचत असाल तर दोन्ही येणार. कुठली घेतली ते ठरवा आणि लिहून ठेवा, बस.

चौथं, हायड्रोजन. क्ष-किरणांच्या रचनेत सहसा हायड्रोजन नसतात, एनएमआरच्यात असतात. हायड्रोजनसकट ४.५ लावलं की कॉन्टॅक्ट भराभर वाढतात. शिवाय एनएमआरच्या फाइलमध्ये एकाखाली एक वीस-वीस मॉडेल असतात आणि सगळी एकावर एक ठेवून मोजली तर प्रत्येक रेसिड्यू स्वतःच्याच भुतांना चिकटलेला दिसतो.

पाचवं, मित्राने पायमॉलमधलं पोलर कॉन्टॅक्टवालं बटण दाबलं असेल तर तो हायड्रोजन बाँडसारखे कॉन्टॅक्ट बघतोय, अंतरावरचे सगळे कॉन्टॅक्ट नाही. माझी पैज यावर आहे, कारण तुमच्याकडे जास्त येतात म्हणालात.

आणि सहावं जे आकड्यात दिसतच नाही म्हणून जास्त छळतं : फाइलमध्ये प्रोटीनची पूर्ण साखळी नसते. हलणारे लूप स्फटिकात दिसत नाहीत, त्यांच्या ओळीच नसतात. म्हणजे फाइलमधला १२० नंतरचा रेसिड्यू १३१ असू शकतो आणि तुम्ही यादीतल्या क्रमांकावर साखळीतलं अंतर काढत असाल तर १२० आणि १३१ तुम्हाला सख्खे शेजारी वाटणार. नेहमी फाइलमधलाच क्रमांक वापरा, आणि एमएमसिफ (पीडीबीचं नवं स्वरूप) फाइल असेल तर त्यात क्रमांकाचे दोन संच असतात, लेखकांनी दिलेला आणि पीडीबीने दिलेला, दोघांची सरमिसळ करू नका. पेपरमध्ये बहुतेक लेखकांचा असतो.

प्रश्न : सिकल सेलमध्ये एकच अमिनो अ‍ॅसिड बदलतं ना? मी हिमोग्लोबिनची बीटा साखळी घेऊन बदलाच्या आधीचे आणि नंतरचे कॉन्टॅक्ट काढले, जवळपास काहीच फरक नाही. मग एवढा मोठा आजार कशामुळे? माझं काहीतरी चुकतंय का?

उत्तर : तुमचं गणित बरोबर आहे, तुम्ही बघताय ती जागा चुकीची आहे. आणि हा प्रश्न मला या वेळचा सगळ्यात आवडलेला प्रश्न, त्यामुळे जरा सविस्तर.

बीटा साखळीत ६ व्या जागी ग्लुटामिक अ‍ॅसिडच्या ठिकाणी व्हॅलिन येतं, इंग्रॅमने हे १९५०च्या दशकात शोधलं, त्याआधी १९४९ ला पाउलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की या रुग्णांचं हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात वेगळं सरकतं. ध चा मा झाल्यासारखा हा एक बदल. पण ही ६ वी जागा कुठेय ते बघा, हिमोग्लोबिनच्या बाहेरच्या पृष्ठभागावर. तिथे ग्लुटामिक अ‍ॅसिड असताना ते पाण्यात हात पसरून बसलेलं असतं, रेणूच्या आत कुणाला फारसं धरून नसतं. त्यामुळे त्याच्या जागी व्हॅलिन आलं तरी आतल्या घडीला काही फरक पडत नाही. एका साखळीचा कॉन्टॅक्ट मॅप दोन्ही वेळी सारखा येणारच.

नवीन कॉन्टॅक्ट होतो तो दुसऱ्या हिमोग्लोबिन रेणूशी. ऑक्सिजन सोडून दिलेल्या हिमोग्लोबिनमध्ये बीटा साखळीवर एक तेलकट खळगा असतो, फिनाइलअ‍ॅलानिन ८५ आणि ल्यूसिन ८८ यांच्यामध्ये. एका रेणूचं ६ वं व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या त्या खळग्यात जाऊन बसतं, मग त्याला पुढचा, त्याला पुढचा, असा धागा वाढत जातो आणि असे धागे एकत्र येऊन तांबडी पेशी आतून ताणली जाते. ग्लुटामिक अ‍ॅसिडवर ऋण भार असतो, त्याला त्या तेलकट जागेत जाणं परवडतच नाही. आणि ऑक्सिजन धरलेल्या स्थितीत खळगा तसा उपलब्ध नसतो म्हणून ऑक्सिजन कमी झाला की त्रास वाढतो. तर एकच साखळी काढून मोजत बसलं की आख्खा आजार नजरेतून निसटतो.

म्हणून फाइल उघडली की आधी बघा त्यात काय आहे. स्फटिकाच्या फाइलमध्ये जे असतं तो स्फटिकाच्या पुनरावृत्तीचा एक तुकडा असतो, तो म्हणजेच शरीरात काम करणारा रेणू असेल असं नाही. कधी अर्धाच रेणू असतो आणि बाकीचा सिमेट्रीने बनवावा लागतो, कधी दोन रेणू असतात जे फक्त स्फटिकात योगायोगाने शेजारी आलेत. पीडीबीच्या पानावर बायोलॉजिकल असेंब्ली वेगळी उतरवून घेता येते, कॉन्टॅक्ट त्यावर काढा. आणि सिकल सेलच्या बाबतीत रेणूंमधले ते कॉन्टॅक्ट बघायला सिकल हिमोग्लोबिनच्याच ऑक्सिजनविरहित स्फटिकाची रचना आणि तिच्यातले शेजारचे रेणू घ्यावे लागतील, तिथे उलट ते स्फटिकातले शेजारीच कामाचे आहेत. नियमाला अपवाद असा हातात येऊन पडतो.

अजून एक, जनुकांच्या अहवालात हाच बदल ७ व्या जागी लिहिलेला दिसेल. घाबरू नका, तिथे सुरुवातीचं मिथिओनिन धरून मोजतात, जे तयार प्रोटीनमधून निघून गेलेलं असतं. ६ आणि ७ दोन्ही तेच.

आणि हिमोग्लोबिनवर काम करताच आहात तर आतले कॉन्टॅक्ट बदललेले बघायचे असतील तर ऑक्सिजन असलेली आणि नसलेली रचना अशी तुलना करा. बीटा साखळीच्या टोकाचं हिस्टिडिन १४६, ते ऑक्सिजन नसताना त्याच साखळीच्या अ‍ॅस्पार्टेट ९४ शी सॉल्ट ब्रिज करतं आणि ऑक्सिजन धरला की सोडतं. पेरुट्झने हा सगळा सॉल्ट ब्रिजचा हिशोब १९७० ला मांडला, आणि आम्लता वाढली की हिमोग्लोबिन ऑक्सिजन का सोडतं याचा एक मोठा भाग या एका जोडीत आहे. तुमच्या स्क्रिप्टने ही जोडी पकडली तर समजा स्क्रिप्ट ठीक चाललीय.

प्रश्न : आता अल्फाफोल्ड (साखळीवरून रचनेचा अंदाज देणारा एआय प्रोग्राम) आहे, कुठल्याही प्रोटीनचं मॉडेल मिळतं. त्यावर कॉन्टॅक्ट काढले तर चालतील का? आमच्या लॅबमध्ये दोन तट पडलेत.

उत्तर : चालतील, पण सगळे नाही, आणि कुठले नाही हे अल्फाफोल्ड स्वतःच सांगतं, लोक वाचत नाहीत एवढंच. पीडीबीमध्ये प्रयोगातून आलेल्या रचना दोन लाखांच्या वर आणि अल्फाफोल्डच्या साठ्यात २० कोटींच्या वर मॉडेलं, मोह होणारच.

गंमत म्हणजे हे सगळं कॉन्टॅक्टमधूनच सुरू झालं. कल्पना अशी की एकाच कुळातल्या हजारो प्रोटीनच्या साखळ्या एकाखाली एक मांडल्या आणि दिसलं की ३० व्या जागी लहान रेसिड्यू मोठा झाला की ७५ व्या जागी मोठ्याचा लहान होतो, तर हे दोघं घडीत बहुधा लागून असणार, एकाने जागा घेतली म्हणून दुसऱ्याने सोडली. अडचण अशी होती की क चा ख शी आणि ख चा ग शी संबंध असला की क आणि ग पण उगाच जोडीने बदलताना दिसतात. थेट संबंध आणि असे वळसा घालून आलेले संबंध वेगळे काढायच्या पद्धती साधारण २००९ ते २०११ मध्ये चांगल्या बसल्या आणि मग फक्त साखळ्यांवरून कॉन्टॅक्ट ओळखता यायला लागले. २०१८ च्या कॅस्पमध्ये पहिल्या अल्फाफोल्डने हो-नाहीच्या पुढे जाऊन सी-बीटामधलं अंतर २ ते २२ अँगस्ट्रॉममध्ये नेमकं कुठे पडेल याचा अंदाज दिला, २०२० ला दुसऱ्याने सगळ्यांना मागे टाकलं, आणि २०२४ चं रसायनाचं नोबेल बेकर, हसाबिस आणि जम्पर यांना गेलं.

तुमच्या तटांसाठी सांगायचं तर दोन आकडे बघा. पीएलडीडीटी, म्हणजे मॉडेलचा स्वतःच्या अंदाजावरचा विश्वास, हा प्रत्येक रेसिड्यूमागे असतो, ९० च्या वर उत्तम, ७० च्या वर विश्वास ठेवण्याजोगा, ५० च्या खाली असेल तर त्या भागाचे कॉन्टॅक्ट मोजूच नका, तिथे मॉडेलमध्ये नुसती लोंबणारी दोरी असते जी कुठेही टेकलेली दिसेल. आणि हो, हा आकडा फाइलमध्ये बी-फॅक्टरच्या रकान्यात लिहिलेला असतो, पण अर्थ उलटा, बी-फॅक्टर जास्त म्हणजे हलतं आणि पीएलडीडीटी जास्त म्हणजे पक्कं. जुनी स्क्रिप्ट तशीच चालवली तर ती चांगला भाग टाकून नको तो ठेवेल. दुसरा आकडा पीएई, म्हणजे जागेच्या अंदाजात किती चूक असू शकते तो, जोडीचा असतो. दोन डोमेन (प्रोटीनचे स्वतंत्र घडी पडणारे भाग) स्वतंत्रपणे उत्तम असतात पण एकमेकांच्या संदर्भात कुठे बसतात हे माहीत नसतं, मग चित्रात ते टेकलेले दिसले तरी पीएई जास्त असेल तर तो कॉन्टॅक्ट मानू नका.

आणि एकच अमिनो अ‍ॅसिड बदलून मॉडेल बनवून फरक बघायचा विचार असेल तर सोडा, बहुतेक वेळा तेच मॉडेल परत येतं. वरचंच सिकल सेल टाकून बघा ना.

प्रश्न : प्रोटीन कसं हलतं याचं संगणकावर १०० नॅनोसेकंदाचं सिम्युलेशन केलं. एक कॉन्टॅक्ट ५२ टक्के वेळ आहे असं आलं. याला टिकाऊ म्हणू का? आणि कटऑफ ८ दिला तर प्रोग्राम म्हणतो सगळेच सगळ्यांच्या कॉन्टॅक्टमध्ये आहेत!

उत्तर : दुसरं आधी. सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरपैकी ग्रोमॅक्स नॅनोमीटरमध्ये बोलतं, एमडीट्राजही. तुम्ही ८ नॅनोमीटर म्हणजे ८० अँगस्ट्रॉम दिलंय, त्यात तुमचं अख्खं प्रोटीन मावतं. ०.८ द्या. एमडीअ‍ॅनालिसिस मात्र अँगस्ट्रॉम घेतं, तिथे ०.८ दिलंत तर एकही कॉन्टॅक्ट मिळणार नाही.

५२ टक्क्यांबद्दल असं की त्या जोडीच्या अंतराचा काळानुसार आलेख काढून बघा, नुसत्या टक्केवारीवर जाऊ नका. अंतर सारखं ४.४ आणि ४.६ च्या मध्ये थरथरत असेल तर खरं तर ते पूर्ण वेळ लागूनच आहेत, फक्त तुमची ४.५ ची रेघ मधोमध पडलीय. आणि पहिले ५२ नॅनोसेकंद ३.८ वर आणि नंतर एकदम ९ वर गेलं असेल तर कॉन्टॅक्ट एकदा तुटला आणि परत जुळला नाही, टक्केवारी तीच आणि गोष्ट अगदी वेगळी. या दुसऱ्या प्रकारात तुमच्याकडे घटना फक्त एक आहे, फ्रेम दहा हजार असल्या तरी. निरनिराळ्या सुरुवातीच्या वेगांनी तीन-चार सिम्युलेशन परत करा, दुसरा इलाज नाही.

थरथरीवर उपाय म्हणजे दोन रेघा ठेवायच्या, ४.५ च्या आत आला की जुळला आणि ६ च्या बाहेर गेला तरच तुटला. किंवा हो-नाही सोडून हळूहळू उतरणारं फलन वापरा, बेस्ट, हमर आणि ईटन यांनी २०१३ ला मूळ रचनेतल्या अंतराच्या १.८ पटीपर्यंत सूट देणारं वापरलं, ते आता बरेच लोक घेतात. आणि हो, सिम्युलेशनच्या बॉक्सच्या सीमेवरून प्रोटीन अर्धं इकडे अर्धं तिकडे गेलंय का ते आधी सांधून घ्या, नाहीतर घट्ट लागून असलेली जोडी अचानक ७० अँगस्ट्रॉमवर दिसेल.

प्रश्न : माझ्या म्युटंटमध्ये (बदल केलेल्या प्रोटीनमध्ये) मूळ प्रोटीनपेक्षा तीन सॉल्ट ब्रिज जास्त आहेत, म्हणजे ते जास्त स्थिर असं लिहू का?

उत्तर : नका लिहू. सॉल्ट ब्रिज बनवायला दोन्ही भारित टोकांना आधी पाण्याची साथ सोडावी लागते आणि ती फुकट सुटत नाही. पृष्ठभागावरच्या सॉल्ट ब्रिजचा फायदा बरेचदा किरकोळ निघतो, दोन्ही टोकं पाण्यातही मजेत असतात आणि साइड चेन हलत असते. काही मात्र खरोखर दणकट असतात, टी४ लायसोझाइममध्ये हिस्टिडिन ३१ आणि अ‍ॅस्पार्टेट ७० ची एक जोडी एकटी ३ ते ५ किलोकॅलरी प्रति मोल इतकी स्थिरता देते हे १९९० ला मोजून दाखवलंय, आणि तेही हिस्टिडिनचा पीकेए (कुठल्या आम्लतेला ते प्रोटॉन सोडतं तो आकडा) किती सरकतो ते बघून, अंतर मोजून नव्हे. अंतराच्या यादीत ही जोडी आणि तुमच्या तीन जोड्या सारख्याच दिसतील. गरम झऱ्यातल्या जीवांच्या प्रोटीनमध्ये सॉल्ट ब्रिज जास्त सापडतात हे खरंय, पण त्यावरून उलटा निष्कर्ष निघत नाही. लॅबमध्ये वितळण्याचं तापमान मोजायची सोय असेल तर आधी ते मोजा, मग सॉल्ट ब्रिजचं बोलू. नसेल तर "तीन जास्त सॉल्ट ब्रिज दिसतात" एवढंच लिहा, स्थिर शब्द काढून टाका, परीक्षक तिथेच बोट ठेवणार आहेत.